जड काठाची ताटली

केशवचं कार्ड आलं. दोनच ओळी होत्या. "दादा, नदीचे पाणी नितळले आहे. एक नवी ताटली घेऊन खोपोलीस यावे, तुझ्याच हातची हवी." कार्ड वाचून मी देवाच्या तसबिरीमागे खोचलं. मग काढून पुन्हा वाचलं. मग पुन्हा खोचलं. माझी बायको सरस्वती चुलीपुढे पाठमोरी बसली होती. वळूनही न बघता तिने विचारलं, "काय हो, कार्तिक आला वाटतं?"

इतरांच्या घरी कार्तिक तुळशीच्या लग्नाने येतो. आमच्याकडे तो माझ्या तोंडावर येतो. सरस्वती म्हणते, भाद्रपदापर्यंत हा माणूस बरा असतो, दुकानात बसून चार गिऱ्हाइकांना हसवतो, नकला करतो. नदीचं पाणी निवळायला लागलं की ह्याचं पोट दुखायला लागतं. आणि ते दुखणं वैद्याचं नव्हे, हे तिला पक्कं ठाऊक आहे. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी तिला सगळं सांगून टाकलं होतं, एक गोष्ट सोडून. ती गोष्ट आज सांगतो. पण एकदम सरळ येईल अशी अपेक्षा करू नका. पितळेची ताटली पाण्यात सोडून पाहा, म्हणजे कळेल. तीही सरळ खाली येत नाही.

आम्ही कर्जतचे तांबट. आमच्या आळीत सकाळ कोंबड्याने होत नाही, हातोडीने होते. पत्रा कापायचा, तापवायचा, ठोकून खोलगट करायचा, मग मठारायचा, म्हणजे लहान हातोडीने सगळ्या अंगावर सारखे ठोके देत जायचं, की भांड्याला माशाच्या खवल्यांसारखी चमक येते. शेवटी काठ मुडपायचा. मुडपलेल्या काठाच्या आत तार घालतात, म्हणजे काठ पक्का राहतो आणि हाताला लागत नाही. ही तार बाहेरून कोणाला दिसत नाही. हे लक्षात ठेवा.

केशव माझ्या आत्याचा मुलगा. त्याचे वडील लवकर गेले, म्हणून तो आमच्याच घरी वाढला. आम्ही दोघांनी हातोडी एकाच ऐरणीवर धरली. मग खोपोलीला विजेचा कारखाना उभा राहिला. डोंगराच्या कड्यावरून जाडजूड नळ खाली उतरले, जणू कोणी डोंगराला जानवी घातली, आणि केशव हातोडी टाकून तिकडे नोकरीला लागला. महिन्याने घरी आला तेव्हा अंगात खाकी कोट, पायांत बूट. त्या बुटांचा आवाज आमच्या आळीतल्या सगळ्या हातोड्यांच्या वर ऐकू यायचा. माझ्या वडिलांनी ठोकता ठोकता हात थांबवून त्याच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहताना त्यांनी कधी हात थांबवला नव्हता.

त्याने काही वाईट केलं असतं तर माझं आयुष्य सोपं झालं असतं. पण तो यायचा तो माझ्यासाठी काहीतरी घेऊन यायचा. एकदा कारखान्यातली एक चिमटी आणली, "दादा, तुझ्या कामाला येईल," म्हणून. चिमटी उत्तम होती. मी वीस वर्षं ती वापरतो आहे आणि वीस वर्षं प्रत्येक वेळी हातात घेताना तोंड वाकडं करतो आहे. ज्याचा हेवा करायचा तो माणूस चांगला निघाला की हेव्याला बसायला जागा राहत नाही. तो घरभर फिरत राहतो.

आता भागीरथी. तिला सगळे भागू म्हणत. कुंभिवलीच्या पुढे पाताळगंगेच्या वळणावर एक गाव आहे, तिथे तिच्या वडिलांचं, बाळाशेटचं, भांड्यांचं दुकान होतं; तेही मूळचे तांबटच. आमचा माल तिथे जायचा. पहिल्यांदा मी गेलो तेव्हा बाळाशेट बाहेर गेले होते आणि दुकानात ती बसली होती. मी आणलेले तांबे तिने एकेक करून हातात घेतले. बघितले नाहीत. डोळे रस्त्यावरच्या गाडीवानाकडे, आणि अंगठा काठावरून फिरतोय. एक तांब्या तिने बाजूला ठेवला.

"ह्यो नको."

"का? काय झालं?"

"हितं टोचतंय," ती म्हणाली, आणि अंगठा नेमका त्या जागी ठेवला जिथे आदल्या दिवशी माझी हातोडी घसरली होती. मी ते घासून इतकं गुळगुळीत केलं होतं की वडिलांनासुद्धा कळलं नव्हतं. मी तो तांब्या परत घेऊन आलो, आणि अजून आमच्या घरात पाणी पितात त्याने. परत येताना बैलगाडीत मी तो मांडीवर धरून बसलो होतो, असं गाडीवान नंतर सगळ्यांना सांगत फिरला.

पुढच्या खेपेला मी मुद्दाम केशवला बरोबर नेलं. मला वाटलं, माझं काम त्याने बघावं. बघितलं त्याने भागूला. परतीच्या वाटेवर तो शीळ वाजवत होता, आणि त्या शिळेवरून मला कळलं की आता आमच्या घरातून त्या घरी एक नव्हे, दोन बोलणी जाणार.

गेलीच. बाळाशेट दोन्ही हात डोक्याला लावून बसले. "एकाचं दुकान, एकाचा पगार. दोघं एकाच घरातली पोरं. एकाला हो म्हनलं तर दुसऱ्याची आई माझ्या दारात येऊन बसंल. आन पोरगी अठराची झाली, लोक नावं ठेवतात. काय करू मी?" गावातल्या म्हाताऱ्यांनी त्यांना सांगितलं, "डोहाला विचार की."

त्या गावाची ही रीत होती. नदीच्या वळणावर देवीचं लहान देऊळ आहे, देवळापुढे खोल डोह. अलीकडे देऊळ, पलीकडे ऐनाचं एक जुनं झाड. डोहाच्या तळातून पांढऱ्या दगडाची एक शीर गेलेली आहे, बरोबर मधोमध. कार्तिकात पाणी नितळलं की ती वरून दिसते, कोणी भांगात पांढरा दोरा ठेवावा तशी. कुणाच्या घरात मोठा प्रश्न पडला, दोन्ही बाजू सारख्या भरल्या, की देवीला कौल लावायचा. एक नवी ताटली घ्यायची, जिच्यात अजून कोणी जेवलेलं नाही. डोहाच्या मधोमध वर आलेल्या खडकावरून ती पाण्यात सोडायची. शिरेच्या देवळाकडच्या बाजूला बसली तर एक उत्तर, ऐनाकडे बसली तर दुसरं. सोडायची कोणी? ज्याच्याबद्दल प्रश्न आहे त्याने. म्हणजे भागूने.

देवळाची बाजू माझी ठरली, ऐनाची केशवची. ताटली बाळाशेट करू शकत नव्हते, कारण प्रश्न त्यांच्या घरचा. मग ताटली करायची कोणी? सगळे आमच्याकडे बघू लागले. आणि इथे केशवने, माझ्या त्या चांगल्या, उमद्या, बूटवाल्या भावाने, हसत हात वर केले. "मी हातोडी सोडून लई दिस झाले. दादाच करील. दादासारखी ताटली जिल्ह्यात कोन करत नाय."

तुम्हीच सांगा, अशा माणसाचं काय करायचं? त्याने माझ्या हातात माझं नशीब दिलं, आणि वर माझी तारीफ केली. त्या क्षणी मी ठरवलं की ह्याला हरवायचं. सरळ हरवता आलं नाही तर काठाच्या आतून हरवायचं.

त्या आश्विनात मी जे पाहिलं ते कोणी पाहिलं असेल असं मला वाटत नाही, कारण शहाण्या माणसाला तेवढा वेळ नसतो. दुकानामागे आमचा हौद आहे, भांडी तापवून विझवायचा. त्यात मी सकाळ-दुपार वस्तू टाकत बसलो. गोटा टाकला, तो सरळ खाली. त्याच्या डोक्यात काही विचारच नाही. सुपारी टाकली, जवळजवळ सरळ. पण सपाट वस्तू टाकली की गंमत. मोठी पातळ ताटली झोके घेते: डावीकडे सरकते, थांबते, जणू काही आठवलं म्हणून परत उजवीकडे. लहान चकती कोलांट्या मारत एकाच दिशेला निघून जाते, माहेरी निघाल्यासारखी. आणि काही मधल्या मापाच्या असतात, त्या सगळ्यात लबाड. त्या दोन झोके घेतात, तिसऱ्याला अचानक कोलांटी, मग पुन्हा झोका. त्याच हाताने, त्याच उंचीवरून, तीच चकती दहा वेळा सोडली तर ती दहा वेगळ्या जागी जाऊन बसायची. मी श्वास रोखून सोडली, डोळे मिटून सोडली, देवाचं नाव घेऊन सोडली. देवाचं नाव घेतलं तर आणखीच लांब जायची.

मग मला जिकडेतिकडे तेच दिसायला लागलं. खळ्यावर बायका उफणत होत्या. सुपातून भात सरळ खाली पडे, आणि फोल हवेत आपलं स्वतःचं काहीतरी ठरवत बसे. स्टेशनजवळच्या बुचाच्या झाडाखाली मी उभा राहून लांब दांड्यांची फुलं गिरक्या घेत उतरताना बघत राहिलो. स्टेशनमास्तरांनी एकदा विचारलंही, "गणपतराव, कोणी उतरणार आहे का गाडीने?" मी म्हटलं, "नाही, वरून." ते मला बरेच दिवस टाळत होते.

पंधरा दिवसांनी मला युक्ती सापडली. ताटलीच्या मुडपलेल्या काठात तार घालताना एका बाजूला, चार बोटं लांबीत, मी तारेऐवजी शिसं घातलं. वरून काठ सारखा दिसे. हौदात टाकली तर ताटली जड काठाच्या दिशेला नाक खुपसून सरकत जाई आणि तिकडेच बसे. दहांतून नऊ वेळा! मी हौदाभोवती नाचलो. दहाव्या वेळी ती दुसरीकडे गेली होती, पण नाचणारा माणूस दहाव्या वेळेचा विचार करत नाही. जड बाजू ओळखू यावी म्हणून काठावर आतून एक बारीक टिंब ठोकलं.

नाचताना सोमाने मला पाहिलं. सोमा कातकरवाडीचा, पाण्यात उतरणारा माणूस. विहिरीत पडलेली घागर, नदीत पडलेलं भांडं काढायला त्यालाच बोलवत, आणि डोहातली कौलाची ताटली वर आणणाराही तोच. तो हौदाच्या काठावर उकिडवा बसला आणि माझ्या ताटलीचे दोन-तीन झोके त्याने शांतपणे बघितले.

"शेट, ह्यो हौद कितीक खोल?"

"कमरेइतका."

"डोह तीन पुरुष हाय."

"म्हणून काय झालं? पाणी ते पाणीच."

सोमा हसला. "झाडावरनं पान पडतंय, ते तुमी पहिलं हातभरच बघितलं तर तुमाला वाटंल, ह्ये चाललं तिकडं. पुढं ते कुटं जातंय ते खाली उभं राहनाराला ठावं."

मी त्याला म्हटलं, "सोमा, तू बुड्या मार, ताटल्या मला करू दे." तो उठून गेला. वीस वर्षं मी त्या वाक्याचं उत्तर स्वतःला देतो आहे.

कौलाचा दिवस असा उजाडला की आकाशात ढगाचा ठिपका नाही. कापलेल्या भाताच्या धसांचा ओला-सुका वास, नदीच्या काठी गवतावर कोळ्यांची जाळी, आणि डोह असा स्वच्छ की तळातल्या पांढऱ्या शिरेवरून सरकणारा मासा दिसत होता. गाव काठावर बसलं होतं. खडकावर आम्ही पाचजण: गुरव, बाळाशेट, भागू, केशव आणि मी. केशवने बूट काढून हातात घेतले होते. बूट हातात असलेला केशव मला पहिल्यांदाच जरा बरा वाटला.

गुरवाला मी आधीच एक नारळ देऊन सांगून ठेवलं होतं की टिंबाची बाजू देवळाकडे करून द्यायची, आमच्या घराण्यात ते शुभ मानतात. म्हातारा "होय होय" म्हणाला. आणि आयत्या वेळी त्याने हळदकुंकू वाहून ताटली भागूच्या हातात दिली ती टिंब नेमकं ऐनाकडे! ओरडावं तरी काय? "गुरवबाबा, माझं शिसं उलटं झालं"?

भागूने ताटली दोन्ही हातांत धरली. तिचा अंगठा काठावर आला आणि सवयीने फिरू लागला. एका जागी थांबला. क्षणभरच. मग तिने ताटली हातातल्या हातात फिरवली, आरतीच्या वेळी बाया फिरवतात तशी सावकाश. एक फेरा, मग आणखी थोडा. किती? त्यावर सगळं होतं. दीड फेरा झाला असेल तर जड काठ माझ्याकडे. दोन झाले असतील तर केशवकडे. आणि नेमकं त्या क्षणी मी, गोष्टी सांगताना वाघाची डरकाळी फोडणारा मी, भीतीने डोळे मिटून घेतले.

"डुबुक," असा लहानसा आवाज झाला.

डोळे उघडले तेव्हा ताटली मधल्या पाण्यात होती. ऊन तिच्यावर पडून ती पेटल्यासारखी चमकत होती. ती देवळाकडे झुकली, थांबली, परत फिरली, एकदा पालथी झाली, शिरेवरून सरकली, माझ्या बाजूला एवढीशी आली, आणि मग, कोणी हाक मारल्यासारखी, आपली अलगद ऐनाकडे जाऊन बसली. शिरेपासून फार तर हातभर पलीकडे. सोमाने बुडी मारली, वर आला, हात ऐनाकडे केला. ऐनाकडची मंडळी ओरडली. केशवने मला मिठी मारली. त्याच्या हातातले बूट माझ्या पाठीत रुतले.

मी तेव्हा तोंड उघडू शकत होतो. "ताटली खोटी आहे, कौल पुन्हा लावा," एवढंच म्हणायचं. मग गावाने माझं काय केलं असतं ते सोडा, भागू माझ्याकडे कशी बघेल ते माझ्याच्याने सोसवलं नसतं. मी गप्प राहिलो. मार्गशीर्षात त्यांचं लग्न झालं, मी पंगतीत वाढत होतो, आणि ती ताटली रुखवतात मांडलेली होती, लोक तिचं मठारकाम वाखाणत होते.

ह्यानंतरच्या वीस वर्षांत मी ज्या ज्या गोष्टींचा हेवा केला त्यांची मोजदाद करू नका. केशवचा तर केलाच. त्याच्या कारखान्याचाही केला. डोंगरातून नळांनी येणारं पाणी यंत्रं फिरवून शेवटी पाताळगंगेतच सोडतात. तेव्हा डोहातलं पाणी त्या दिवशी केशवच्याच कारखान्यातून आलेलं होतं, आणि आपल्या माणसाची बाजू त्याने घेतली, असा शोध मी एका दुपारी लावला. सरस्वतीला सांगितला. ती म्हणाली, "पाण्यालाही पगार असतो का हो?" तेव्हापासून तो शोध मी कोणाला सांगत नाही.

पण खरं जळणं वेगळंच होतं. दीड की दोन? चालताना, जेवताना, मठारताना तोच हिशोब. ऐकणाऱ्याला वेड लागेल अशी ही गोष्ट, पण मला कळत होतं की तिच्या ज्या अंगठ्याला तो तांब्या टोचला होता, त्याला हे शिसं कळल्याशिवाय राहणार नाही. म्हणजे तिने जाणून फिरवली. जाणून फिरवली आणि ताटली केशवकडे गेली, म्हणजे दोन फेरे. म्हणजे माझ्याच हातच्या शिशाने तिने केशव निवडला. दुसऱ्याने आपल्याला हरवलं तर माणूस विसरतो. आपल्या हातचं काम आपल्याविरुद्ध इतकं चोख चालावं, हे विसरणं कठीण.

आणि ती ताटली त्यांच्या घरात होती! दरवर्षी दिवाळीला मी खोपोलीला जातो, तर केशव आवर्जून त्याच ताटलीत मला वाढायला लावतो. तिला कल्हई लावून घेतली आहे. बूड जरासं फुगीर, आणि काठात शिसं, त्यामुळे पाटापुढे ठेवली की ती जड बाजूला कलते. आमटी वाहत जाऊन एका कडेला जमते. केशव दर वर्षी तेच बोलतो, "दादा, तुझ्या उभ्या आयुष्यात बिघडलेली ही येकच ताटली, आन ती माझ्या नशिबी आली!" आणि खोखो हसतो. मीही हसतो. तो हसण्याचा आवाज मी कसा काढतो, ते मला नाटक कंपनीतल्या नटानेही विचारावं.

तर त्या घरातून हे कार्ड. त्यांची मुलगी यमुना लग्नाची झाली होती. दोन स्थळं आली होती, एक खालापूरचं, एक पनवेलचं, दोन्ही चांगली. केशवला आपला कौल आठवला. त्याच्या आयुष्यात डोहाने एकदा इतकं बरोबर उत्तर दिलेलं!

मी ताटली करायला बसलो. ह्या वेळी ती मी अशी मठारली की तशी कधी मठारली नव्हती. काठात सगळीकडून एकच तार, एकाच जाडीची. पाटावर ठेवली, बोटाने गर्रकन फिरवली, ती थांबली तेव्हा पाण्यासारखी सपाट. सरस्वती बघत उभी होती.

"एवढी सरळ?" ती म्हणाली.

"दुसऱ्याच्या पोरीची आहे," मी म्हटलं.

तिने वाटेत खायला दशम्या बांधून दिल्या, दरवर्षी देत नाही.

खोपोलीला उतरलो तर डोंगरावरचे नळ उन्हात तसेच चमकत होते. भातं कापून झाली होती, खळ्याखळ्यावर उफणणी चाललेली, फोल हवेत आपल्या मनाने भटकत होतं. केशवचे केस पांढरे झाले आहेत, पण बूट नवे. पंगत पडली, केशव आणि मी. भागू वाढत होती. माझ्यापुढे तीच ताटली. केशवने आपलं नेहमीचं वाक्य टाकलं, मी आपलं हसणं काढलं, आणि तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. केशव हात धुवून बूट चढवत उठला. "दादा, ताकभात सोडू नको हां! सांजेला डोहावर जाऊ, सोमाला निरोप धाडलाय," म्हणत निघून गेला.

मी आणि भागू. स्वयंपाकघरात आमटीला फोडणी दिल्याचा वास. ती कपाळावरचा घाम पुसून माझ्यासमोर बसली.

"भावजी, नवी ताटली दावा बघू."

पिशवीतून काढून दिली. तिने खिडकीकडे बघत ती हातात घेतली आणि अंगठा काठावरून फिरवला. पूर्ण फेरा. कुठे थांबला नाही.

"सरळ हाय," ती म्हणाली.

"आहे."

"ह्या खेपेला."

मला ठसका लागला. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी तो रिकामा केला.

"तुला कळलं होतं?"

"तांबटाची लेक हाय मी. गुरवानं हातात दिली तवाच कळलं. काठात शिसं, चार बोटं."

"मग वडिलांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? मला कोन इचारीत व्हतं, भावजी? दोन घरांना इचारलं, देवीला इचारलं, डोहाला इचारलं. मी तितं उभीच व्हते की खडकावर. माझ्या हातात निस्ती ताटली दिली समद्यांनी." तिने नवी ताटली मांडीवर ठेवली. "म्हनून यमीला काल मीच इचारलं. म्हनलं, डोह-बीह नाय. तुजं तू सांग."

"काय म्हणाली?"

"खालापूरचा लई बोलतो म्हनली. पनवेलचा चालंल." भागू हसली. "सांजेला यांना सांगते. सोमाला चहा पाजून परत धाडू. ही ताटली तिच्या रुखवतात मांडीन, नवी ती नवी."

मी ताटातल्या भाताला बोट लावत होतो. विचारू नये, हे कळत होतं. वीस वर्षं न विचारलेलं आता कशाला विचारायचं? पण तोंडाने विचारलंच.

"गुरवाने जड काठ ऐनाकडे करून दिला होता."

"हां. उलटा."

"तू फिरवलीस."

"फिरवली."

"किती?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं तांब्याच्या टोचणाऱ्या जागेकडे न बघता बघायची.

"दीड फेरा," ती म्हणाली. "देवळाकडं आणली. मंग सोडली."

बाहेर कोणीतरी सुपातून भात उफणत होतं, त्याचा झर्र झर्र आवाज आत येत होता. ताटली तेव्हा माझ्याकडे निघाली होती. मी डोळे मिटले होते तेवढ्यात. पहिला झोका माझ्याकडेच होता. तो हौदातला झोका, कमरेइतक्या पाण्यातला. त्याच्याखाली अडीच पुरुष पाणी होतं, त्याचा मी विचारच केला नव्हता.

वीस वर्षं जपून ठेवलेला सगळा हेवा हातात घेऊन मी बसलो होतो, आणि तो कोणाला द्यावा कळेना. केशवने काही केलं नव्हतं. भागूने तर माझंच काम केलं होतं. पाण्याला पगार नसतो, हे सरस्वतीने आधीच सांगितलं होतं. उरला तो एक हौद, आणि एक माणूस त्याच्याभोवती नाचणारा.

"आता गप जेवा," भागू म्हणाली. "सुखात हाय मी. तुमचा भाऊ लाख मानूस हाय. आन तुमच्या सरस्वतीबाईंनी तुमाला येवढं सोसलंय, त्यांना ह्यातलं काय सांगू नका." मग उठून आत गेली, आणि पळीभर आमटी आणून, मी नको म्हणत असताना, माझ्या भातावर घातली.

आमटी ताटलीत पसरली, जराशी थांबली, आणि मग निमूटपणे, एकदाही मागे न फिरता, माझ्या बाजूच्या काठाशी येऊन जमली.